रविवारी मैदान बंद असतं

किन्हवली, ता. शहापूर
२ नोव्हेंबर २०२५

भाग्यश्री,

बाबाचं पत्र आहे. पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशीलच. तरी उघडलंस, एवढं पुरे. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

तुझा पत्ता दर्शनानं दिला. मैत्रिणीवर रागावू नको. ती हल्ली शहापूरला दवाखान्यात नोकरीला आहे. दोनदा मी बीपी तपासायचं निमित्त करून गेलो, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनं केसपेपरच्या मागं पत्ता लिहून दिला. म्हणाली, "काका, पत्ता देते. पण फोनवर तुमचा निरोप मी सांगणार नाय. तिनं तशी शपथ घातलीय मला." मी बरं म्हणालो. निरोपात मावेल असं माझ्याकडं काही नव्हतंच.

लिहायला कारण आहे. आमच्या गोल्फच्या मैदानावरचे देवस्थळी साहेब तुला आठवतील. बारावीला तुला जाड डिक्शनरी दिली होती ते. आता शहात्तर वर्षांचे झाले. त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तरी दर शनिवारी ठाण्याहून येऊन खेळतात. बॉल मारतात ते, आणि कुठं गेला ते मी सांगतो. आमचं असं तीन वर्षं चाललंय.

येत्या मे महिन्यात ते दोन मित्रांबरोबर स्कॉटलंडला चाललेत. गोल्फ जिथून सुरू झाला ती समुद्राकाठची मैदानं डोळे पुरते जायच्या आत खेळायची आहेत त्यांना. मला म्हणाले, तू चल कॅडी म्हणून, माझी पिशवी उचलायला, सगळं मी बघतो. मी म्हणालो, साहेब, तिकडं कॅडी मिळतील की. तर म्हणाले, मिळतील, पण ते माझ्याशी मराठीत बोलतील का?

मी त्यांना विचारून नकाशावर तुझ्या पत्त्यातलं डंडी शोधलं. सेंट अँड्र्यूज आणि डंडीच्या मध्ये एक नदी आणि तिच्यावर पूल, बोटाच्या एका पेराएवढं अंतर. साहेबांनी विचारलं, डंडी कशाला रे? तुझी मुलगी कुठं असते? मी म्हणालो, ती लंडनच्या बाजूला असते.

का म्हणालो ते मलाच कळलं नाही. खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग तिला फोन लाव, आत्ताच सांग.

बाबा


२१ डिसेंबर २०२५

भाग्यश्री,

पहिलं पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. पोस्टात विचारलं तर म्हणाले दहा दिवस, वीस दिवस, कधी महिना. पोचलं असं धरून लिहितो.

साहेब हल्ली खेळतात कमी आणि ठरवतात जास्त. क्लबच्या पडवीत टेबलावर नकाशा पसरायचा, चहाच्या कपांनी कोपरे दाबायचे आणि मी मोठ्यानं वाचायचं. सेंट अँड्र्यूज मला जमतं, कार्नूस्टी जमतं. डॉर्नॉक म्हणताना जीभ अडते. ते पार वर उत्तरेला आहे, जायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून साहेबांचे मित्र नको म्हणतात. साहेब म्हणतात, तिथं गेलो नाही तर जाण्यात अर्थ काय? दर वेळी ह्याच्यावर वादावादी होते आणि दर वेळी डॉर्नॉक वहीत खोडून पुन्हा लिहायचं काम मला.

या मैदानांना लिंक्स म्हणतात. समुद्र आणि शेतं यांच्यामधली रेताड, पडीक पट्टी असते तिच्यावर झालेली. झाड म्हणून नाही. नुसता वारा. गवताला लाड नाहीत. मी एकतीस वर्षं इथलं गवत सांभाळतोय, आमच्या ग्रीनला, होलभोवतीच्या बारीक गवताला, उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं तर तांबडी पडते. मी विचारलं, मग तिकडचं गवत सांभाळायचं कोण? साहेब म्हणाले, पूर्वी मेंढ्या सांभाळायच्या.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मनातून जात नाही. सेंट अँड्र्यूजचं सगळ्यात जुनं मैदान रविवारी बंद असतं. खेळायला बंद, चालायला खुलं. गावातली माणसं पोरं घेऊन, कुत्री घेऊन त्याच्यावरून फिरतात आणि कुणी हटकत नाही. आमच्याकडं गावचा माणूस गेटाच्या आत आला तर वॉचमन शिट्टी मारतो.

तुला रविवारी सुट्टी असते का?

बोललंच पाहिजे असं नाही. एका कडेनं तू चाल, दुसऱ्या कडेनं मी चालेन. मैदान मोठं आहे.

बाबा


२५ जानेवारी २०२६

भाग्यश्री,

साहेबांना मोकळ्या वाऱ्यात मारायची सवय करायची होती. आमच्या मैदानाला चहूबाजूंनी साग आणि ऐन, वारा आत येतच नाही. मग मी त्यांना आपल्या खाचरात घेऊन गेलो, मुरबाड रस्त्याच्या बाजूच्या. भात कापून झालंय, नुसते खुंट उरलेत, दुपारी तिथं बरा वारा सुटतो. नथूकाका बांधावर बसून बघत होता. म्हणाला, कमळाकर, या खाचरात उभ्या जन्मात एवढी चांगली कापडं घालून कोणी आलं नव्हतं.

तिथं एक झालं. साहेबांचा बॉल बांधाला चिकटून पडला, मारायला जागाच नव्हती. अशा वेळी मी पायानं जरा बाहेर घेतो. त्यांना दिसत नाही, त्यांचा खेळ बरा होतो, कुणाचं काही जात नाही. पण खुंटांचा आवाज झाला. साहेब मान न वळवता म्हणाले, "कमळाकर, जिथं पडलाय तिथंच सांग. वाईट पडला असेल तर वाईट खेळू." रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी बॉल पुन्हा बांधाला नेऊन ठेवला.

तुझ्या आईनं शेवटची लावणी त्याच खाचरात केली. म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो.

ती गेल्यावर तू फोनवर म्हणालीस, दहा दिवस तुम्ही मला सांगत होता आई लावणीला गेलीय, आई झोपलीय, आणि ती मरत होती. मी नर्स आहे, बाबा, असं म्हणालीस आणि फोन ठेवलास, तो साडेतीन वर्षं ठेवलेलाच आहे. तेव्हा मी तुला जे सांगितलं तेच आजही सांगतो. तिचीच तशी इच्छा होती. तुला तिकडं जाऊन दीड महिना झालेला, तुझी तिथली परीक्षा तोंडावर. ती म्हणाली, भागीला कळवू नका, तिचं चित्त उडेल. मी तिचं ऐकलं.

हे लिहून मी पेन ठेवलं होतं. पुन्हा उचललंय, पण पुढं सुचत नाही.

बाबा


१५ मार्च २०२६

भाग्यश्री,

पासपोर्ट आला. फोटोत मी एखाद्या चोरासारखा दिसतो. साहेबांना वर्णन करून सांगितलं तर हसले, म्हणाले, तिकडच्या थंडीत चेहरा आणखी बिघडेल. त्यांचा जुना लोकरीचा कोट मला दिलाय. हात लांब आहेत, गोदूमावशीनं दुमडून शिवून दिले.

व्हिसाचा फॉर्म कल्याणला जाऊन भरला. तिथल्या ऑफिसात कुणाली नावाची मुलगी आहे, फार नीट बोलते. ती विचारायची, मी सांगायचं, ती कम्प्युटरवर टाकायची. नाना प्रश्न असतात. सगळं नीट भरून झालंय, काळजी नको.

आता पक्कं ठरलं ते असं. बारा मेला निघायचं. आधी कार्नूस्टी. मग सेंट अँड्र्यूज चार दिवस. तिथल्या जुन्या मैदानावर खेळायचं तर दोन दिवस आधी नावांची चिठ्ठी टाकावी लागते, निघाली तर नशीब. साहेब रोज टाकणार आहेत. मग डॉर्नॉक. मित्रांनी शेवटी हात टेकले.

मधला रविवार सतरा मे. अठराव्या होलच्या वाटेवर एक ओढा आहे, त्याच्यावर लहानसा दगडी पूल. सगळे तिथं उभे राहून फोटो काढतात म्हणे. मी तिथं सकाळी दहापासून असेन. साहेबांनी लाल टोपी दिलीय, लांबून दिसेल. तू लांबूनच बघून गेलीस तरी चालेल. पण मग मला कळणार नाही तू आली होतीस ते.

क्लबात सगळ्यांना बातमी लागलीय. सेक्रेटरी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, चला, मुलीची पण भेट होईल. फोन तर दर रविवारी येतोच ना तिचा? मी हो म्हणालो. ते पण मीच सांगून ठेवलेलं.

बाबा


६ मे २०२६

भाग्यश्री,

मी येत नाही. सतरा तारखेला पुलाकडं जाऊ नको.

परवा पासपोर्ट परत आला, बरोबर दोन पानी इंग्रजी पत्र. साहेब भिंगातून कडेकडेनं एकेक शब्द वाचत होते. दुसऱ्या पानावर थांबले. मग म्हणाले, तुझी मुलगी स्कॉटलंडमध्ये आहे?

मागच्या पत्रात मी सगळं नीट भरलं असं लिहिलं ते खरं नव्हतं. कुणालीनं विचारलं होतं, काका, तिकडं तुमचं नात्याचं कोणी आहे का? मी कोणी नाही म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना, कारण नंतर अडचण येते. मी म्हणालो, नक्की.

त्यांच्याकडं तुझ्या कागदांत बापाचं नाव होतंच. आता माझ्या नावापुढं खोटी माहिती दिली असं लागलंय. दहा वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. मी एकसष्टचा आहे.

का नाही म्हणालो ते सांगतो. हो म्हटलं असतं तर तुझा पत्ता, तुझा नंबर द्यावा लागला असता. त्यांनी तुला फोन करून विचारलं असतं, कमळाकर म्हणून तुमचे वडील आहेत का? आणि तू म्हणाली असतीस, मला वडील नाहीत. मग ते त्या कम्प्युटरमध्ये कायमचं लिहिलं गेलं असतं. मला तेवढं ऐकायचं नव्हतं.

साहेबांना मी मग सगळं सांगितलं, तुझा फोन येत नाही ते सुद्धा. त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग म्हणाले, आता पत्र टाकलंस तरी तिला वेळेत मिळणार नाही. मी जाऊन उभा राहतो. मी म्हणालो, तुम्हाला ती दिसणार कशी? ते म्हणाले, तिला मी दिसेन ना.

दर्शनाकडं पण गेलो होतो. तिनं फोन हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाली, काका, शपथ मोडली तर ती माझ्याशी पण बोलायची नाय, मग तिची खबर आपल्याला कोण देणार? तिचंही बरोबर आहे.

बाबा


२८ मे २०२६

भाग्यश्री,

साहेब परत आले. कालच किन्हवलीला येऊन गेले, शनिवारची वाट न बघता.

त्यांचं जुन्या मैदानाचं नाव चिठ्ठीत निघालं नाही. कार्नूस्टीला खेळले, पण तिथला कॅडी बॉल कुठं गेला ते सांगायचा ते त्यांना समजायचं नाही, नवव्या होलनंतर त्यांनी सोडून दिलं. डॉर्नॉकला नुसते बाकावर बसून राहिले. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं आणि रविवारचं सांगायला लागले.

मित्रानं त्यांना पुलावर सोडलं. लाल टोपी घालून ते काठीवर टेकून उभे होते. नजरेच्या कडेला एक निळा कोट बराच वेळ हलत नव्हता, वीसेक मिनिटं तरी. मग तो जवळ आला आणि मराठीत म्हणाला, देवस्थळी काका ना? आणि लगेच, "बाबा नाही आले?"

साहेब मला म्हणाले, तिच्या आवाजात काय होतं ते मी तुला सांगू शकणार नाही, कमळाकर, आणि सांगू नये.

त्यांनी तुला फॉर्मचं जसंच्या तसं सांगितलं. तू गवतावर बसलीस. मग उठून त्यांचा हात धरलास आणि त्यांना अख्खं मैदान फिरवून आणलंस. समुद्र कुठं, गवत कुठं पिवळं, कुठं तांबूस, झेंडा कुठल्या बाजूला फडकतोय, सगळं सांगत होतीस म्हणे. साहेब म्हणाले, खेळायला नाही मिळालं त्याचं काही वाटत नाही, मी ते मैदान बघितलं.

मग त्यांनी तुझी चिठ्ठी दिली. तू त्यात लिहिलंस: "चारही पत्रं मिळाली. आई असं कधीच म्हणाली नसती. साधा ताप आला तरी ती मला विचारून गोळी घ्यायची. खरं काय झालं ते लिहा. दिवसावार लिहा."

लिहितो.

सोमवारी तिला ताप आला. अंग मोडलं होतं, पोटऱ्या फार दुखत होत्या. लावणीचं आहे, सगळ्यांनाच होतं असं म्हणून मी किन्हवलीच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी लावणीला गेलीय म्हणालो. ती आत गोधडी घेऊन पडली होती. लपवायचं म्हणून नव्हे, उद्या उतरेल असं वाटलं होतं.

गुरुवारी डोळे लाल झाले. शुक्रवारी ताप उतरला आणि मी खूश झालो. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा आई झोपलीय म्हणालो, ते खरं होतं.

शनिवारी गोदूमावशी म्हणाली, भावजी, हिचे डोळे पिवळे झालेत. मी तिला मोटरसायकलवर बसवून खर्डीच्या पुढं एक जण कावीळ उतरवतो त्याच्याकडं नेलं. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात. पाणी पिवळं झालं. तो म्हणाला, बघा, निघतेय. मला पटलं, पाणी पिवळं झालेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. येताना ती माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती.

आता रविवारचं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

सकाळी ती म्हणाली, "भागीला फोन लावा. डोळे पिवळे झालेत म्हणून सांगा तिला. ती सांगंल तसं करू."

मी फोन घेऊन बाहेर गेलो. तुझा नंबर काढला. आणि लावला नाही. तू पहिलं हेच विचारणार होतीस की डोळे पिवळे होईपर्यंत तुम्ही काय करत होता, आणि खर्डीचं कळलं असतं तर काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येत होतं. मी तुला घाबरलो, भागी. बाकी काही कारण नाही. तुझी परीक्षा वगैरे मी नंतर जोडलं.

पण ती आतून ऐकत होती. म्हणून मी फोन कानाला लावून बोललो. हो गो, बरी आहे, हो, देतो. थोडं थांबून परत, हो, हो. मग आत येऊन सांगितलं, भागी म्हणाली घाबरायचं कारण नाय. उसाचा रस द्या, आराम करू द्या, आठ दिवसांत उतरेल.

तिनं विचारलं, माझ्याशी नाय बोलली? मी म्हणालो, ड्युटीवर होती.

ती एवढी शांत झाली की मला वाटलं मी चांगलंच केलं.

सोमवारी तिला लघवी होईना. गोदूमावशी माझ्यावर ओरडली आणि स्वतः जाऊन रिक्षा घेऊन आली, शहापूरला न्यायला. रिक्षा दाराशी उभी. आई उठायला तयार नाही. म्हणाली, "कशाला उगाच? भागीनं सांगितलंय ना आराम कर म्हणून. ती शिकलेली हाय, तिला कळतंय." तिला माझं पटलं नसतं, गोदूचं पटलं नसतं, तुझं पटलं होतं. मी तिथं उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, की मी फोन लावलाच नव्हता. ते मी बोललो नाही. रिक्षा परत पाठवली.

मंगळवारी तिनं दोनदा विचारलं, भागीचा फोन आला का? दोन्ही वेळा मी आला म्हणालो. तुझा त्या दिवशी खरंच आला होता. मी तुला ती लावणीला गेलीय असं सांगितलं.

बुधवारी ती मला ओळखेना. शहापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं एकच विचारलं, पाण्यात काम केलं होतं का हिनं, आणि लगेच ॲम्ब्युलन्सनं ठाण्याला पाठवलं. पडघ्याच्या पुढं ती गेली. मी तिचा हात धरला होता. शेवटी काही बोलली नाही. बोलली असती तर लिहिलं असतं.

तिची इच्छा होती असं मी तुला सांगितलं, ते सगळ्यात मोठं खोटं. तिची इच्छा तुला विचारायची होती. मी तुझ्या नावानं तिला उत्तर दिलं आणि तुझ्यावरच्या भरवशावर ती घरी पडून राहिली.

दिवसावार एवढंच आहे. यातलं काही गाळलेलं नाही.

बाबा


१५ जून २०२६

भाग्यश्री,

काल फोनवर तू शेवटी म्हणालीस, आज काय बोललो ते लिहून पाठवा, बाबा, जसं झालं तसं, म्हणजे उद्या तुम्हालाही ते बदलता येणार नाही. म्हणून लिहितो.

दुपारी तीन वाजून गेले होते. नंबर तिकडचा होता. मी उचलला, तू हॅलो म्हणाली नाहीस. म्हणालीस, माझ्यासमोर तुमचं पत्र आहे, मला काही विचारायचंय, नुसती उत्तरं द्या.

मग दवाखान्यात विचारतात तसं विचारत गेलीस. लावणीला तिच्या पायाला जखम होती का? होती, डाव्या टाचेला भेग पडली होती, मला माहीत होतं. उलट्या झाल्या का? शुक्रवारी दोनदा. लघवीचा रंग? शनिवारी चहासारखा. खोकल्यातून रक्त? बुधवारी सकाळी, थोडं. मेडिकलमधल्या गोळ्यांचं नाव विचारलंस, ते मला सांगता आलं नाही. आठवत नाही असंच सांगितलं, एखादं नाव ठोकून दिलं नाही. तू लिहून घेत होतीस, पेनाचा आवाज येत होता. तुझा आवाज एकदाही हलला नाही. माझा हलत होता, तेव्हा तू थांबायचीस आणि परत विचारायचीस.

सगळं झाल्यावर तू म्हणालीस, कावीळ हा आजार नव्हता, बाबा. खाचरातल्या पाण्यातून होतो तो ताप होता. त्याचं नाव सांगितलंस. त्याला साध्या गोळ्या आणि इंजेक्शनं असतात, आपल्या शहापूरला पण असतात, असं म्हणालीस.

मग मी विचारलं. तू विचारायला सांगितलं नव्हतंस, मीच विचारलं. म्हणालो, भागी, त्या रविवारी मी तुला खरा फोन लावला असता तर?

पेनाचा आवाज थांबला. मला वाटलं तू माझ्या जिवाला बरं वाटावं असं काहीतरी म्हणशील. कुणीही म्हणालं असतं. नथू म्हणतो, गोदू म्हणते, तिची वेळ आली होती. साहेबांनी सुद्धा शनिवारी तेच सांगून बघितलं.

तू म्हणालीस, "वाचली असती, बाबा. रविवारी नेली असती तर बहुतेक वाचली असती."

मी बरं म्हणालो. 

आता तू फोन ठेवशील असं मला वाटलं. ठेवला असतास तर मी तुला काही बोललो नसतो. मी वाट बघत होतो. तू ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता. तू रडत होतीस की नाही ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. मीही ठेवला नाही. बराच वेळ तसंच गेलं.

बाबा